तळच्या कप्प्यातला कंट्रोलर

मोबाइलवर गेम खेळायचा बिनतारी कंट्रोलर बोलतोय मी. दोन्ही बाजूंना मुठी, अंगठ्याने फिरवायच्या दोन दांड्या, मधे फोन धरणारा चिमटा. अंगावर एकही रंगीत दिवा नाही. तेवढ्यासाठी एका गिऱ्हाइकाने मला दोन दिवसांत दुकानात परत आणून टाकलं. कारण लिहिलं, 'दिसायला साधा.' काम कसं करतो, याबद्दल चकार शब्द नाही. साक्ष न घेताच निकाल लागला.

तेव्हापासून मी तळच्या कप्प्यात. वर माझा रंगीत भाऊबंद मिरवत होता. त्याच्या खोक्यावर मोठाले आकडे. लोक ते वाचून मान डोलवत आणि त्याच्यासारखाच एक घेऊन जात. हा आकडा कशाचा, मोजला कुणी, असं विचारणारा एकही माईचा लाल महिनाभरात फिरकला नाही.

मग एका दुपारी फरशीवाले काका आले. तीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवलेला माणूस. सिमेंटने बोटांची टोकं इतकी कडक झालेली, की फोनच्या काचेला त्यांचा स्पर्शच कळेना. त्यांची लेक परगावी नर्सिंग शिकत होती. रोज संध्याकाळी साडेसहाला बापलेक फोनवर गाड्यांची शर्यत खेळत. दोघांच्या गप्पा व्हायच्या त्या तेवढ्याच. काकांची गाडी पहिल्याच वळणाला भिंतीवर. आदल्या दिवशी लेक म्हणाली होती, "बाबा, तुमचं लक्षच नसतं. कंटाळला असाल तर बंद करू या." बोटांचं त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं.

विक्रेत्याने भाऊबंद पुढे केला. "काका, सगळे हाच नेतात. सात रंगांचे लाइट आहेत."

"लाइटने गाडी वळते का रे?"

"तसं नाही, पण लुक बघा ना."

"लुक माझ्याकडे आहे. वळणारं दाखव."

काकांनी बोटाच्या पेराने त्याच्या पाठीवर टकटक केली, बसवलेल्या फरशीवर करतात तशी. "पोकळ वाजतोय." मग स्वतःचा फोन काढला, जाडजूड रबरी कव्हरसकट. भाऊबंदाचा चिमटा काही पुरेना.

"कव्हर काढा की."

"हा फोन दिवसभर सिमेंटच्या घमेल्याशेजारी असतो. पडला तर तू येणार आहेस का झेलायला? तो खालचा दे."

"तो परत आलेला आहे, काका."

"मलाही दोन ठेकेदारांनी परत पाठवलंय. दे."

त्यांनी मला वाजवलं, कान देऊन ऐकलं. चिमट्यात फोन अडकवून मला उलटा धरून गदागदा हलवलं. फोन जागचा हलला नाही. मग आपला तोच शर्यतीचा खेळ उघडला, मला जोडलं आणि दांडी ढकलली. दांडीबरोबर गाडी वळली, क्षणाचाही उशीर नाही. शेवटी डोळे मिटून एकेक बटण चाचपलं. वीस मिनिटं चाललं हे. विक्रेता जांभया देत होता. माझी पहिली खरी चौकशी झाली ती ही.

त्या संध्याकाळी काकांची गाडी सगळी वळणं घेत पहिली आली.

"बाबा, म्हणजे इतके दिवस मुद्दाम हरत होतात?"

"नाही गं. काचेला माझी बोटं कळत नव्हती."



"मग सांगायचं ना."

"तू मलम घेऊन धावत आली असतीस."

"येणारच आहे रविवारी. आणि उद्या वळणावर तुम्हाला सोडणार नाही."

आता माझ्या डाव्या दांडीचं रबर झिजलंय, मुठीच्या फटीत सिमेंट बसलंय. तरी मी ठणठणीत आहे. तुम्हाला एवढंच सांगणं: दुकानात जाल तेव्हा आपला फोन न्या, कव्हरसकट. आपलाच खेळ लावून बघा. दिव्यांना आणि आकड्यांना उलट प्रश्न विचारा. विक्रेता ताटकळला तर ताटकळू द्या.

बाकी बोललो असतो, पण सहा पंचवीस झालेत. काका हात धुताहेत.