झाडांची धार

गिलबर साहेबांनी पहिल्यांदा सांगितलं, की त्यांच्या गावाकडे मार्च महिन्यात झाडांतून गोड पाणी काढतात, आणि तेही भोवती गुडघाभर बर्फ असताना, तेव्हा मी टाइपरायटरवरून मान वर न करता मनात म्हटलं, झालं, ह्यांना ऊन लागलं.

साहेब कॅनडाचे. आखाती देशातल्या मुऐदरच्या पलीकडे, जिथे वस्ती संपून नुसती वाळू सुरू होते, तिथे एक डेअरी होती, तिचे ते मॅनेजर. त्यांच्या फ्रेंच नावाचा खरा उच्चार आमच्यापैकी एकालाही जमला नाही, म्हणून सगळ्यांचे ते गिलबर साहेब. मी त्यांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आम्ही नाशिकचे. नवरा गिरीश तेल कंपनीत, दिवसभर बाहेर, आणि रिकामी बसले की माझं डोकं फिरतं, म्हणून त्यानेच जिवाला घाबरून ही नोकरी शोधून दिली. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट.

डेअरीतली यंत्रं शहाजी सांभाळायचा. वाळव्याकडचा माणूस, बायको मुक्ताबाई गावी, इथे तो, त्याचे पाने-पक्कड आणि चारशे गाई. गाईंची धार यंत्राने निघायची. त्यासाठी एक पंप हवा खेचत राहायचा आणि त्या ओढीने सडांना लावलेल्या कपांतून दूध नळीत यायचं. त्या वर्षी नवा पंप आला आणि जुना भंगारात निघाला. तो साहेबांनी मालकाकडून मागून घेतला.

कारण त्यांचे वडील. म्हाताऱ्याची मेपलची राई होती, त्याच्या आज्याने राखलेली. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असे दिवस आले, की खोडाला भोक पाडून बादली टांगायची, जमेल ते पाणी आटवायचं आणि त्याची काकवी करायची. आदल्या वर्षी म्हातारा भरल्या बादल्या घेऊन बर्फात घसरला आणि खुबा मोडून बसला. साहेबांचा थोरला भाऊ म्हणाला, पुरे आता, झाडं लाकडाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकू. साहेबांनी एक हंगाम मागून घेतला. झाडांना नळ्या लावू, पंपाने पाणी थेट घरापर्यंत ओढू, बादली उचलायलाच नको. नाही जमलं तर खुशाल तोडा.

शहाजीला हिंदी जेमतेम आणि इंग्रजी त्याहून कमी, म्हणून हे सगळं मी त्याला मराठीत सांगितलं. तो पंपापाशी उकिडवा बसून ऐकत होता. 

"म्हंजे झाडाची धार काढायची," तो शेवटी म्हणाला. "मग वासराला काय ठेवत्यात?"

मी म्हटलं, झाडाला कसलं वासरू, काहीतरीच काय. पण शहाजी हटेना. त्याच्याकडे धार काढताना एक सड वासराला सोडतात. सगळं पिळून घेणाऱ्याच्या दारात गाय टिकत नाही, असं त्याची आई सांगायची. साहेबांना विचाराच म्हणाला. मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं. मला वाटलं साहेब हसतील. ते हसले नाहीत. हे वडिलांनाच ठाऊक असेल, विचारून सांगतो, म्हणाले.

मग शहाजीने पंप खोलला. आतल्या गोल दांड्याला खाचा असतात, त्यांत पात्या सरकतात. दांडा फिरला की पात्या बाहेर फेकल्या जातात आणि हवा खेचली जाते. त्या पात्या झिजून गेल्या होत्या आणि इतक्या जुन्या पंपाचा माल कुठेच मिळत नव्हता. विजेच्या बोर्डाला वापरतात तसली तपकिरी हायलमची पाटी त्याने बाजारातून आणली आणि कानशीने घासून नव्या पात्या केल्या. जोडून पंप चालवला आणि मला म्हणाला, ताई, पंपाच्या तोंडावर हात धरा. मी धरला, आणि पंपाने तो असा ओढून घेतला की सोडवताना माझी किंकाळी निघाली. तळहातावर लाल कडं उमटलं. संध्याकाळी गिरीशला दाखवत बसले होते.

पंप जहाजाने गेला. मार्चच्या आधी साहेबही रजेवर गेले.

मग एके दिवशी संध्याकाळच्या धारेच्या वेळी ऑफिसात फोन वाजला. साहेब होते. आवाज ओळखू येत नव्हता. पंप फिरतोय पण खेचत नाही, काटा शून्यावर. शेजाऱ्यांच्या राईत पाणी वाहायला लागलंय. भाऊ सारखा व्यापाऱ्याचं नाव काढतो, आणि म्हातारा सकाळपासून खिडकीत बसून आहे. पात्याच टिकल्या नसाव्यात, साहेब म्हणाले.

मी शहाजीला बोलावून घेतलं आणि सांगितलं. त्याचा चेहरा पडला. हाताला लागलेलं तेल पुसायचंही त्याला सुचेना. वंगण बदललं का, विचारा म्हणाला. बदललं होतं, थंडीचं पातळ तेल घातलं होतं. पट्टा, मोटर, सांधे, सगळं ठीक होतं.

"तिथं थंडी किती हाय?"

"शून्याच्या खाली."

"म्हंजे किती? खोबरेल थिजतं तेवढी?"

माझा पारा चढला. "खोबरेलाचं काय घेऊन बसलात शहाजीभाऊ, तिथे नद्या थिजतात."

आणि बोलता बोलता मी थांबले, कारण तो माझ्याकडे बघतच राहिला होता.

"ताई, ग्रीस," तो म्हणाला. "पात्या खाचंत चिकटल्यात."

इकडे कुठलंही यंत्र पडून राहणार असलं की त्यात ग्रीस भरून ठेवतात, नाहीतर समुद्राची खारी हवा ते खाऊन टाकते. शहाजीने जहाजावर चढवण्याआधी पंप आतून ग्रीसने लिंपला होता. बाहेर जाताना आपण कडी लावतो, तितक्या सवयीने. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याच्या मनातही आलं नाही, आणि इतकी वर्षं इथे काढलेल्या साहेबांच्याही नाही. ह्या मुलखात सगळं वितळतं. एखादी गोष्ट थिजू शकते हेच आम्ही सगळे विसरलो होतो.

नाशिकला थंडीत आई खोबरेलाची बाटली सकाळच्या उन्हात ठेवायची, ती मला डोळ्यांसमोर दिसली. मी साहेबांना तेच सांगितलं, आमच्या डोक्याला लावायच्या तेलाचं. मग शहाजी सांगत गेला आणि मी इंग्रजीत करत गेले. काकवी आटवायची भट्टी पेटलेली आहे का? मग पंप तिच्याजवळ न्या. तापू द्या. खोला, रॉकेलने धुऊन काढा. पाती खाचेतून आपल्या वजनाने खाली घसरली पाहिजे. घसरली की जोडा. साहेबांनी घाईघाईत फोन आपटलाच.

दुसऱ्या दिवशी शहाजी जेवला नाही, हे मला नंतर कळलं. धारेची वेळ झाली तसा तो ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. नवा पंप गोठ्याकडे घुमत होता. फोन वाजला. मी उचलला, तर साहेब काहीच बोलेनात. नुसता एक आवाज येत होता, धक धक धक, आणि मध्ये बारीक शीळ. मी रिसीव्हर शहाजीच्या कानाला लावला.

तो ऐकत राहिला. मग डोळे मिटून म्हणाला, "माझाच हाय."

इथे वाळूत गाईंचं दूध ओढणारा पंप तिथे बर्फात झाडांतलं पाणी ओढत होता, आणि ते आम्ही मुऐदरच्या बाहेर उभं राहून ऐकत होतो.  मी देवळातही इतकी गप्प राहत नाही.

साहेबांना आता शब्द सापडले. टाकी भरून वाहतेय, म्हणाले. व्यापाऱ्याला येऊ नको असा निरोप भावानेच धाडला. आणि वडिलांना शहाजीशी बोलायचंय.

पलीकडून खरखरीत म्हातारा आवाज आला, फ्रेंचमध्ये. साहेबांनी इंग्रजीत सांगितलं. ते मी मराठीत सांगितलं.

"ते म्हणतात, तुमचा प्रश्न मुलाने सांगितला. झाडांवर कळ्या फुगायला लागल्या की आम्ही नळ्या काढून घेतो. थोडं पाणी तेव्हाही निघत असतं. पण ते पानांचं."

शहाजीने मान हलवली. "ठेवत्यात तर वासराला," तो म्हणाला, आणि रिसीव्हर कपाळाला टेकवून माझ्या हातात दिला. गोठ्यातून कुणीतरी अरबीत यल्ला, चल लवकर, म्हणून हाक मारली तसा तो डोळे पुसत धारेकडे गेला.

पलीकडे पंप चालूच होता. साहेबांनी फोन ठेवला नव्हता, आणि मीही ठेवला नाही.