थाळीला ठाऊक असलेलं साल

मी काशाची थाळी बोलतेय. खरं तर मी बोलायचं नव्हतं. रतनबाईंनी मला चिंचेनं घासता घासता बजावलं होतं, "बये, तू गप ऱ्हा. काय बी सांगायचं न्हाई." पण आज गच्चीवर एवढी माणसं जमली आहेत आणि मला कोपऱ्यात टेकवून ठेवलंय. थोडा वेळ आहे, तेवढ्यात सांगून टाकते.

तांबं आणि कथील एकत्र वितळलं आणि मी झाले. कासारानं मला बोटांवर तोललं, टिचकी मारली आणि कान देऊन ऐकत राहिला. म्हणाला, "हिचा गळा चांगला आहे." चऱ्होलीच्या एका शेतकऱ्यानं ते ऐकलं आणि मला घरी आणलं. आता चऱ्होलीत जिकडेतिकडे उंच इमारती आहेत. तेव्हा आमच्या ओट्यावरून थेट नदीपर्यंत नजर जायची.

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवतात. पुढे आयुष्यात कुठल्याही आवाजाला ते दचकू नये म्हणून. माझ्यात जेवण क्वचितच वाढलं गेलं. माझं खरं काम हेच होतं.

मी पहिल्यांदा वाजले तो दिवस वटपौर्णिमेचा होता. बायका दुपारी वडाला सूत गुंडाळून आल्या होत्या. दिवेलागणीला चंद्र उगवला तो कडेला कुरतडल्यासारखा. ग्रहण लागलं होतं. रस्त्यावरून आरोळ्या येत होत्या, "दे दान, सुटे गिराण." घरात मात्र सगळे गप्प होते, कारण आतल्या खोलीत बाळंतपण चाललं होतं आणि गरोदर बाईनं ग्रहणात हलायचंसुद्धा नसतं म्हणतात. सुईण गोजाबाई म्हणाली, "ग्रहण बाहीर हाय. आत माझं राज्य."

चंद्राची बारीक कोर तेवढी उरली होती, तेव्हा मुलगी झाली. गोजाबाईनं मला उचलून पळीनं वाजवलं. त्या इवल्याशा जिवाचे डोळे उघडले आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी धातूची, पण त्या क्षणी माझ्या अंगावर शहारा आला. एक क्षणापूर्वी जे जगात नव्हतं, ते आता माझ्याकडे बघत होतं. बाहेर चंद्र हळूहळू सुटत होता. मुलीचं नाव रतन ठेवलं.

तीन वर्षांनी तिचा भाऊ गेनू जन्मला. साध्या दुपारी, कडक उन्हात. मी तेव्हाही वाजले, पण ती दुपार कोणाच्या लक्षात राहिली नाही. रतन त्याला सारखी कडेवर घेऊन फिरायची.

मग एकदा शाळेचे मास्तर मुलं गोळा करत आमच्या ओट्यावर आले. "पोराचा जन्म कधीचा?" त्यांनी विचारलं. रतनच्या वडिलांनी खूप डोकं खाजवलं. त्यांना आपल्या घरातला एकच जन्म आठवत होता. "गिराणाच्या सालचा," ते म्हणाले. "वटपुनवेला चांद गिळला व्हता बघा, तवाचा." मास्तरांनी गेनूकडे पाहिलं. "अंगानं बारीक आहे," म्हणाले आणि ते साल लिहून घेतलं. तारीख त्यांनी सगळ्याच मुलांची एक जून लिहिली होती, कारण शाळा जूनमध्ये उघडायची. रतन दारात उभी होती. तिला शाळेत घालायचं कोणाच्या मनात नव्हतं, त्यामुळे तिचं साल कोणी विचारलं नाही. वडिलांचं चुकलं हे तिला कळलं होतं. तिनं फक्त गेनूचा सदरा नीट केला.

लग्नात मी रतनबरोबर चाकणजवळच्या तिच्या सासरी आले. तिच्या मुलाच्या, गोरक्षच्या, जन्माला वाजले. मग सगळी बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. स्टीलची ताटं आली, शेतांच्या जागी कंपन्या आल्या. मी माळ्यावर पडून राहिले. फक्त दिवाळीला रतनबाई मला खाली काढायच्या.

गोरक्षची मुलगी पुनम नववीत आहे. कमी बोलते, पण तिचे डोळे सगळं टिपतात. या वर्षी चऱ्होलीहून गेनूच्या मुलाचा, ज्योतीरामचा, फोन आला. अण्णांनी, म्हणजे गेनूनं, हजार पौर्णिमा पाहिल्या, चैत्री पौर्णिमेला सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करायचाय. पुनमनं लगेच मोबाईलवर गेनूआजोबांची तारीख घातली. वय आलं, वार शुक्रवार आला. तिला गंमत वाटली.

"आजी, तुझी सांग."

"एक जानेवारी. कार्डावर हाय की."

"ती आधारवाल्यानं टाकलेली. खरी?"

"खरी ह्या थाळीला ठाव," रतनबाई म्हणाल्या आणि हसल्या. मग मला घासता घासता त्यांनी आईकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. वडाचं सूत, कुरतडलेला चंद्र, गोजाबाई. शेवटी मास्तरांनी गेनूच्या नावावर लिहून नेलेलं सालही.

पुनमनं जुन्या ग्रहणांच्या तारखा शोधल्या. गेनूच्या कागदावरच्या सालात, वटपौर्णिमेला, संध्याकाळी एक ग्रहण सापडलं. २५ जून १९४५, सोमवार. मी थक्क झाले. एवढ्या वर्षांपूर्वी सरकून गेलेली सावली आभाळानं जपून ठेवली होती आणि या मुलीनं ती बोटानं परत बोलावली. तिनं पौर्णिमा मोजल्या. मग अगदी हळू म्हणाली, "आजी, येत्या चैत्री पौर्णिमेला हजारावा चंद्र आहे. पण तो तुझा आहे."

रतनबाईंनी मला उलटी करून पुसलं. मग म्हणाल्या, "पयला अर्धा खाल्लेला व्हता. त्यो धरायचा का?"

"धरायचा."

"कुनाला सांगू नको. त्याच्या पोरांनी हौसेनं मांडलंय." आणि तेव्हाच त्यांनी मलाही बजावलं.

चार दिवसांनी गेनू स्वतः आमंत्रण द्यायला आला. "अक्का, तू मला ओवाळायचं. पाटावर मी, शेजारी तू." रतनबाई "व्हय, व्हय" म्हणत होत्या. पुनम मला घेऊन दारात उभी होती. तिला बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. मी आपणहून पडले की तिच्या हातून सुटले, ते मी सांगणार नाही. फरशीवर आपटून मी अशी वाजले की घर गप्प झालं. माझ्या काठाला बारीक चीर गेली.

"काय झालं गं?" गेनूनं विचारलं. आता पुनमला बोलावंच लागलं. ती खाली बघत सगळं एका दमात बोलली.

गेनू आधी हसला. "म्हंजी कंपनीनं मला तीन वर्सं आधीच घरी बसवलं म्हना." मग त्याचा चेहरा बदलला. "अक्का, मी जन्मभर तुजं साल वापरतोय."

"वापरलंस तर वापरलंस. झिजलं का त्ये?"

"आता परत घे. पाटावर तू बसायचं."

"येडा का काय तू. कार्डावर तू मोठा हायेस."

"चांदानं कार्ड मागितलंय का?" गेनू म्हणाला. "मी तुझ्या कडेवर वाढलो, हे काय कार्डावर हाय?"

म्हणून आज ही चऱ्होलीची गच्ची. पाटावर रतनबाई बसल्या आहेत, नव्या लुगड्यात अवघडून. त्यांचा जन्म आयुष्यात पहिल्यांदाच साजरा होतोय. गेनू बाजूला उभा राहून इमारतींच्या मागे पुन्हा पुन्हा बघतोय. तिथे आभाळ उजळायला लागलंय.

चंद्र वर आला की मला वाजवायचं ठरलंय, त्यांच्या कानाशी, पहिल्यासारखं. मला जरा भीती वाटते. चिरेमुळे माझा गळा घोगरा झालाय. तुमच्याही घरात कोणीतरी कागदावर एक जूनला जन्मलेलं असेल. त्यांना एकदा खरं विचारा, सांगणारं कोणी आहे तोवर. कारण माणसाचा पहिला क्षण ज्यांनी पाहिला, त्यांच्यापैकी शेवटी एखादी थाळीच उरते आणि तिलाही एक दिवस चीर—

"पुनम, थाळी आण गं. आला बघ चांद."