चुकीची खिरापत

“शिरा. तळाला लागलाय,” रूपा म्हणाली, आणि दमयंतीबाईंच्या घरचा भोंडला तिथेच आटोपला.

डबा अजून बंद होता. रीतीप्रमाणे दमयंतीबाईंनी तो हलवून दाखवायचा, पोरींनी ‘गोड की तिखट’ विचारायचं, लाडवापासून भेळेपर्यंत भलभलती नावं घ्यायची, हरायचं, आणि झाकण उघडल्यावर ‘अय्या!’ म्हणायचं. खिरापत कुणालाही ओळखता न येणं यात त्या घरच्या बाईची अब्रू असते. ती अब्रू अकरा वर्षांच्या रूपाने नुसत्या नाकाने घेतली होती. शिवाय शिरा खरोखरच लागला होता, त्यामुळे क्षमेचा प्रश्नच नव्हता.

तासाभराने दमयंतीबाई वरच्या मजल्यावर रूपाच्या घरी आल्या.

“कमलाकरभाऊ, राग मानू नका हं. मुलगी गोड आहे तुमची. पण बाकीच्या पोरी हिरमुसतात हो. खेळाची मजाच जाते.”

“शिरा छान झाला होता,” कमलाकर म्हणाला. त्याने तो खाल्ला नव्हता.

“तेच ना! जरा खमंग भाजायची पद्धतच आहे आमच्याकडे,” असं म्हणून त्या समाधानाने खाली गेल्या.

असली वाक्यं कमलाकरच्या तोंडून आपोआप निघत. पनवेलच्या बाजारात साड्यांच्या दुकानात गादीवर बसून, ‘वहिनी, हा रंग तुम्हालाच खुलतो’ हे त्याने निम्म्या तालुक्याला सांगितलं होतं. एकदा रूपाला दुकानात नेलं, तर वांगी रंगाचा पदर खांद्यावर घेऊन आरशासमोर उभ्या असलेल्या बाईंना ती म्हणाली, “यात तुम्ही जाड दिसता. आधीच्या साडीत कमी दिसत होतात.” बाई दोन्ही साड्या टाकून गेल्या. शेठ चांगला माणूस होता. तो एवढंच म्हणाला, “कमलाकर, बेबी हुशार आहे. तिला घरीच ठेवा.”

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी रूपाला पाहून एक शब्द सांगितला होता, ऑटिझम. तो शब्द अजून खाडी ओलांडून पनवेलला पोहोचला नव्हता. इथे रूपाला कुणी ‘जरा वेगळी’ म्हणे, कुणी ‘लाडावलेली’ म्हणे, आणि नवीन पनवेलच्या त्या बिल्डिंगीतली एक आजी कमलाकरला भेटेल तेव्हा मालवणातल्या एका देवाचं नाव सांगे. ‘चार मुलींत मिसळू द्या,’ असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मिसळायचं कसं, हे विचारायच्या आत पुढचा नंबर पुकारला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवा फ्रॉक घालून रूपा दारात उभी राहिली. पोरी जिन्यावरून खाली निघाल्या होत्या.

“आज कुणाकडे?” तिने विचारलं.

“आज नाहीये,” एकजण म्हणाली आणि बाकीच्या खुसखुसत गेल्या.

रूपा आत आली. “आज नाहीये,” तिने सांगितलं आणि पुन्हा अभ्यासाला बसली. थोड्या वेळाने खालून गाणी सुरू झाली. रूपाने मान वर केली.

“बाबा, ती म्हणाली, ‘नाहीये’. पण आहे. तिचं चुकलं असेल. खाली जाऊन तिला सांगू?”

ती निघालीच होती. कमलाकरने दाराला कडी घातली आणि रूपाकडे पाठ फिरवून, कडी नीट बसलीय की नाही हे उगाचच बराच वेळ पाहिलं. मग स्वयंपाकघरातून एक डबा घेऊन आला.

“रूपा, इकडे ये. खिरापत ओळखायची नसते.”

“सगळे ओळखा म्हणतात.”

“म्हणतात तसं.”

“मग ‘ओळखू नका’ असं का नाही म्हणत?”

कमलाकरने डबा हलवला. “सांग, काय आहे?”

“शेंगदाणे.”

“आता चुकीचं सांग.”

“ते खोटं.”

“खेळातलं खोटं हे खोटं नसतं.”

“मग काय असतं?”

आयुष्यभर साड्या विकलेल्या कमलाकरने डबा एकदा उलटा करून पाहिला. “गणित चुकतं तसं,” तो शेवटी म्हणाला. हे रूपाला पटलं. गणित चुकल्याबद्दल शाळेत कुणी खोटारडी म्हणत नाही.

“खुर्ची,” ती म्हणाली.

“अगं, खायचं काहीतरी सांग.”

“भात.”

“खिरापतीला भात कोण देईल?”

“म्हणून तर चुकीचा आहे.”

रूपाची आई ललिता दवाखान्यातली ड्यूटी संपवून आली, तेव्हा हे दोघं डबा मधे ठेवून समोरासमोर बसले होते. ती सगळं ऐकत उभी राहिली.

“काय शिकवताय पोरीला?”

“जगात कसं वागायचं ते.”

“तुम्हाला जमलंय?”

कमलाकरने डबा पुन्हा रूपापुढे सरकवला. बऱ्याच वाटाघाटींनंतर नियम ठरला : करंजी, चकली आणि अनारसे अशी तीन चुकीची नावं घ्यायची, मग गप्प बसायचं. नियम म्हटल्यावर रूपा खूश झाली. तिला पदार्थ कळले नसते तरी चाललं असतं, पण नियम हवा असे.

प्रश्न एवढाच होता की तिला बोलावतंय कोण? नवरात्र संपत आलं. जिन्यावरून पोरी जात राहिल्या आणि रूपा रोज विचारत राहिली. ‘आज नाहीये’ची सगळ्यांना सवय झाली होती. कमलाकरला मात्र होत नव्हती. या वर्षी पोरींनी तिला वगळलं, तर पुढच्या वर्षी तिला वगळायचंसुद्धा त्यांच्या लक्षात राहणार नाही, असं त्याला वाटे.

शेवटच्या भोंडल्याच्या आदल्या दिवशी दारावर थाप पडली. तळमजल्यावरची भाविका होती. तिच्या घरच्यांची गावाकडची जमीन प्रकल्पात गेली आणि ते या कॉलनीत राहायला आले, त्याला वर्षही झालं नव्हतं.

“रूपा, उद्या आमच्याकडं हाय. आईने सगल्यांना बोलवलंय.”

मागोमाग तिची आई भामा धापा टाकत जिना चढून आली. “आमच्यात नाय हो असला काय भोंडला-बिंडला. पन पोरीला हौस हाय, तर करूया म्हटला. रूपाला धाडा हां, दादा.”

“तिचं जरा...” कमलाकर चाचरला. “ती ओळखते.”

“ओलखू दे ना. आमी काय सोन्याचा हंडा लपवलाय?”

दसऱ्याच्या तोंडावर दुकानातून संध्याकाळी सुटणं सोपं नव्हतं. कमलाकरने अंगात कणकण असल्याचं सांगितलं. शेठने त्याच्याकडे नीट पाहिलं. “जा. पण दसऱ्याला बरे व्हा,” तो म्हणाला.

पुरुषांना भोंडल्यात जागा नसते. कमलाकर भामाच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशी उभा राहिला. अर्धवट उघड्या दारातून पाटावर खडूने काढलेला हत्ती दिसत होता. पोरींनी फेर धरायला हात पुढे केले आणि रूपाने आपले मागे घेतले. कुणी हात धरला की तिच्या अंगावर काटा येई. आता परत येणार, असं कमलाकरला वाटलं. पण भाविकाने कमरेचा रुमाल काढून त्याचं एक टोक तिच्यापुढे धरलं. “हा धर,” ती म्हणाली आणि गाऊ लागली. पलीकडच्या बाजूला दुसरी पोरगी क्षणभर थांबली. मग तिनेही रुमाल शोधला.

गाणी संपली. भामाने डबा हलवला. कुणी लाडू म्हणालं, कुणी शंकरपाळे. मग रूपा ताठ उभी राहिली.

“करंजी. चकली. अनारसे. ही तिन्ही चुकीची आहेत. आता मी गप्प.”

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. कमलाकरने डोळे मिटले.

“झालं! म्हणजे हिला कळलंय,” दमयंतीबाईंचा आवाज आला.

“मग काय मजा?” कुणीतरी कुरकुरलं. “जाऊ दे. उघडा डबा.”

आत जाऊन तिला हाताला धरून... पण हाताला तर धरता येत नाही, असा विचार करत कमलाकरने उंबऱ्यात पाऊल टाकलं.

“कळलंय?” भाविका विचारत होती. “खरंच? कानात सांग.”

रूपाने हात तोंडावरून काढले आणि भाविकापासून वीतभर अंतर राखून ती काहीतरी पुटपुटली. भाविकाचे डोळे मोठे झाले.

“आई! बरोबर हाय!”

“मंग तिला तिकडं कशाला उबी केलीस?” भामा म्हणाली. “ज्याला ठावं हाय तो घरचा. ये गो, इकडं आमच्यात बस. त्यांना इचारू दे, आन् तू सांग हाय का नाय.”

दमयंतीबाई काही म्हणणार होत्या, पण घर भामाचं होतं. रूपा डब्यामागे जाऊन बसली.

“तिखट?” एका पोरीने बेताबेताने विचारलं.

“नाही.”

“गोड?”

रूपाने विचार केला. “थोडं. मीठ पण आहे.”

“तळलेलं?”

“नाही.”

इथे कुठेही चुकायचं नव्हतं. जे होतं तेच सांगायचं होतं, आणि पोरी त्याची वाट बघत होत्या. “वाफवलेलं का गं, रूपा?” “रूपा, पांढरं आहे का?” पाच मिनिटांत तिचं नाव त्या खोलीत इतक्यांदा घेतलं गेलं की कमलाकर ऐकतच राहिला. पोरी हरत होत्या, ओरडत होत्या, आणि भामा तोंडाला पदर लावून हसत होती.

रूपाला तो दारात दिसला. ती उठून त्याच्याकडे आली. कमलाकरने वाकून हळूच विचारलं, “काय आहे गं?” आणि सवयीने कान पुढे केला.

“बाहेरच्यांना सांगायचं नाही,” रूपा म्हणाली. तिने त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर जायची वाट पाहिली आणि दार लावून घेतलं.

ललिता ड्यूटीवरून आली, तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्याला एकट्याला बघून तिचा चेहरा उतरला.

“काय झालं? परत पाठवली?”

“नाही,” कमलाकर तिला बसायला जागा करून देत म्हणाला. “मला पाठवलं.”