नवमीच्या पाटावर

मी एक जुनी जोडी आहे, गोलकीपरच्या हातमोज्यांची. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला स्वस्थ बसणे जमत नाही. जालंधरच्या कारखान्यात मला शिवले आणि बनारसच्या एका दुकानात दोरीला टांगले. तिथेही मी वाऱ्याबरोबर सारखी हलत असे. दुकानदार वैतागून म्हणे, "ई जोड़ी बहुत नाचत है." मग एके दिवशी देवयानी आली. तिने मला हातांत चढवले, दोन टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटले, सुटले एकदाची!

देवयानी रामघाटावर राहते. तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर होती. तिचे वडील रत्नाकरशास्त्री वेदपाठशाळेत शिकवतात, आई सुनीतीताई शाळेत गणित शिकवतात. घर सोवळ्याचे. पहिल्याच दिवशी सुनीतीताईंनी मला लांबूनच पाहिले आणि म्हणाल्या, "ते चिखलाचं बाहेरच ठेव गं. स्वयंपाकघरात आणशील तर बघ." तेव्हापासून माझा मुक्काम जिन्यातल्या खिळ्यावर. सामन्याच्या आदल्या दिवशी तर मला तिथे क्षणभरही चैन पडत नसे.

हंगामाची सुरुवात वाईट झाली. पहिल्या सामन्यात आम्ही चार गोल खाल्ले. कप्तान अन्नपूर्णा तोंडाने तिखट, ती म्हणाली, "गोल में खड़ी हो कि घाट पर हवा खा रही हो?" देवयानी रडली नाही. रोज पहाटे मैदानावर जाऊन तिने शंभर शंभर वेळा अंग झोकून दिले. माझ्या तळव्याची साल निघाली. पण पुढचे चार सामने आम्ही हरलो नाही, आणि कॉलेजचा मुलींचा संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. खरे सांगते, मला फार गर्व झाला होता.

याच दिवसांत एक गोष्ट घडली. गच्चीवर मला वाळत घातले होते आणि एका माकडाने माझा डावा पंजा पळवला. सुनीतीताई धावत वर आल्या. त्यांनी एक पेरू फेकला, दुसरा फेकला, तिसऱ्या पेरूला माकडाने पंजा टाकून दिला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने उचलला. अंगठा उसवला होता. दुपारभर बसून त्यांनी तो बारीक टाक्यांनी शिवला, आणि देवयानीला पहिल्यांदाच विचारले, "इतकं जोरात लागतं का गं ते हाताला?"

मग नवमी आली. मित्रांनो, या घरात नवमीला पोथ्या, विळी, लेखणी, ज्याची जी हत्यारे असतील ती सगळी पाटावर मांडून पूजतात. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांतले काही हलवायचे नाही, वापरायचे नाही. त्या सकाळी सुनीतीताईंनी मला धुऊन पुसून आत नेले आणि रत्नाकरशास्त्रींच्या पोथीशेजारी मांडले. "माझ्या मुलीचंही हत्यार आहे," असे म्हणून हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले. उपांत्य सामना दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होता. कुणालाच कसली काळजी नव्हती.

बारा वाजता देवयानी जिना चढून धापा टाकत आली. "आई, मॅच आजच आहे, तीन बजे! उद्यापासून आठवडाभर मैदान रावणदहनाच्या मेळ्याला दिलंय. आत्ता फोन आला. ग्लव्हज कुठायत?"

सुनीतीताईंनी पाटाकडे बोट दाखवले आणि त्यांचा चेहरा उतरला.

रत्नाकरशास्त्री हळूच म्हणाले, "पूजेत बसलंय ते. उद्या सकाळपर्यंत हलत नाही."

कॉलेजकडे दुसरी जोडी नव्हती. देवयानी माझ्याकडे बघत उभी राहिली. मी फुलाखाली नुसती तळमळत होते. उचल ना, मी ओरडत होते, उचल! तिने हात पुढे केला, मागे घेतला, आणि पाटाला नमस्कार केला. "आईनं मांडलंय, मी नाही उचलणार," एवढेच म्हणून ती गेली. खाली घाटावर अन्नपूर्णा होडी घेऊन थांबली होती. तिची हाक वरपर्यंत ऐकू आली आणि मग वल्ह्यांचा आवाज दूर गेला.

अडीच वाजले. तीन वाजले. सुनीतीताई स्वयंपाकघरातून देवघरात आणि देवघरातून स्वयंपाकघरात येरझारा घालत होत्या. शेवटी त्या पाटासमोर बसल्या.

"अहो, मान दिला म्हणून मांडलं मी. मानापायी पोरगी उघड्या हातांनी उभी आहे तिथं. मी मांडलं, मीच हलवते. पाप लागलं तर मला लागू दे."

त्यांनी अक्षता वाहिल्या. रत्नाकरशास्त्रींनी स्वतःच विसर्जनाचा मंत्र म्हटला.

सुनीतीताई आणि मी नावेतून अस्सी घाटापर्यंत आणि तिथून रिक्षाने मैदानावर पोहोचलो, तेव्हा एक-एक बरोबरी होती आणि दहा मिनिटे उरली होती. देवयानीचे तळहात लालबुंद होते, दोन बोटे सुजली होती. आई दिसताच तिचे डोळे भरले. तिने मला चढवले. माझ्यावरचे कुंकू अजून तसेच होते.

शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. देवयानीने बरोबर डावीकडे उडी घेतली. चेंडू माझ्या बोटांच्या टोकांना लागला, आणि तरीही आत गेला. आम्ही हरलो.

सुनीतीताई मैदानात आल्या. त्यांनी देवयानीची सुजलेली बोटे हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही जोडी आता रेशमी फडक्यात जपून ठेवू."

देवयानी म्हणाली, "नको गं आई. पुढच्या वर्षी गोलमध्ये ही पहिल्या वर्षाची निवेदिता उभी राहील. तिला देऊ."

सुनीतीताईंनी मला स्वतःच्या हाताने निवेदिताच्या हातांत चढवले, तिथेच, त्या चिखलात.

मित्रांनो, आता परीक्षांमुळे सराव बंद आहे आणि मी निवेदिताच्या पिशवीत तळमळते आहे. तुमच्या घरी अशी एखादी जोडी, बॅट किंवा रॅकेट कपाटात जपून ठेवलेली असेल, तर आजच बाहेर काढा. फाटलेले शिवा, धुवा, वाळवा आणि वापरा. स्वतःला नको असेल तर दुसऱ्याला द्या. मी पाटावर अर्धा दिवस बसून पाहिले आहे. मला पूजा नको, हात हवेत.