शेगडीच्या डोक्यावरचं पाणी

वफिकाच्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं ते ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत. आधी नुसता रोटीएवढा ओला डाग होता. मग डागाच्या मधोमध थेंब धरू लागला, आणि तो पडायचा नेमका शेगडीवर. हातभर अलीकडे पडला असता तर मोरीत गेला असता, पलीकडे पडला असता तर खाली बादली ठेवता आली असती. शेगडी ओट्याच्या खाचेत पक्की बसवलेली, ती हलणार कुठे?

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात आम्ही दोघी एकाच जिन्यावर समोरासमोर राहतो, त्यामुळे ही कथा मला रोजच्या रोज कळत होती.

"फदवा, नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा," वफिका मला म्हणाली, "आणि माझ्या छताला बघ, रोज!"

वरच्या मजल्यावर उम्म रुश्दी राहायची. तिचा नवरा अबू रुश्दी मुलांच्या शाळेत व्याकरण शिकवायचा. शुक्रवारच्या प्रवचनात इमामाचं एखादं शब्दरूप चुकलं, तर बाहेर पडताना त्याला थांबवून सांगणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलगा रुश्दी कुवेतला, त्यामुळे घरात ही दोघंच.

"तू जाऊन बोल ना," वफिकानं आपल्या नवऱ्याला, अबू नाएलला, सांगितलं.

"बायकांचं बोलणं बायकांत बरं," तो म्हणाला आणि टीव्हीवरच्या सामन्याकडे वळला.

मग वफिकाच गेली. जिना चढताना तिनं वाक्यं पाठ केली होती. दार उघडलं आणि उम्म रुश्दीनं तिचे दोन्ही गाल चुंबले. "अगं, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला! आत्ताच तुझी आठवण काढली. ये, बस, कॉफी उकळतेच आहे."

कॉफी झाली. अबू रुश्दी खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, त्यानं डावा हात छातीवर ठेवून मान लववली. वफिकानं छताचा विषय काढला. उम्म रुश्दीनं कपाळावर हात मारला, "अल्ला, माझ्यामुळे तुला त्रास! बघते मी, नक्की बघते," म्हणाली आणि निघताना तिच्या हातात द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांचं भरलेलं ताट ठेवलं. वाफ निघत होती त्यातून.

ताट रिकामं परत करायचं नसतं. त्या गळक्या छताखाली डोक्याला फडकं बांधून वफिकानं रव्याची बसबूसा केली आणि ताट वर पोचवलं. आठवड्याभरानं पुन्हा तक्रार घेऊन गेली, तर येताना मसूर-भाताची परात घेऊन आली. परातीच्या बदल्यात तिनं कणकेत पालक भरून भाजलेले फतायेर केले. उम्म रुश्दीनं एक तिथंच तोंडात टाकला आणि म्हणाली, "छान झालेत. आंबटपणाला सुमाकची पूड जरा बेतानंच घालतेस का गं तू?"

"ऐकलंस?" वफिका माझ्याकडे येऊन धुमसत होती. "हिच्या मोरीचं पाणी माझ्या कणकेत पडतंय, आणि ही मला सुमाक शिकवतेय!"

"मग सांगितलं का नाहीस तिला?"

"काय सांगू? तोंडात तिची कॉफी, हातात तिची परात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा."

दरम्यान सुबही नळवाला येऊन गेला. सुबहीला बोलावणं म्हणजे पावसाला बोलावण्यासारखंच. येतो म्हणाला त्या दिवशी आला नाही, आणि वफिका केसांना मेंदी लावून बसली असताना दारात उभा. त्यानं मान वर करून डागाकडे बघितलं, स्टुलावर चढून बोटानं ठोकलं, आधीच्या गवंड्याला शिव्या दिल्या. मग वर जाऊन आला आणि म्हणाला, "वरची अख्खी न्हाणी उकरावी लागेल, ताई. आठ-दहा दिवस तिथं कुणाला पाय ठेवता येणार नाही. त्यांना विचारा नि मला कळवा." जाताना त्याच्या बोटाच्या जागी छताला भोक पडलं होतं. आता दोन थेंब पडायला लागले.

त्यातच शुक्रवारी वफिकाची नणंद सॉल्ट गावाहून जेवायला यायची होती. नजाह म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरल्याबरोबर दाराच्या चौकटीवरून बोट फिरवून धूळ बघणारी बाई. वफिकानं सकाळपासून मुलुखियाची पातळ पालेभाजी शिजत ठेवली होती. पानं तिनं उन्हाळ्यातच खुडून वाळवलेली. कोंबडी वेगळी भाजलेली. पातेल्यावर झाकण होतं, पण लसणाची फोडणी द्यायला तिनं ते काढलं, आणि त्याच क्षणी छताचा हातभर पोपडा सुटून थेट पातेल्यात पडला. हिरवे शिंतोडे भिंतीवर, पडद्यावर, तिच्या चेहऱ्यावर.

आवाज ऐकून मी धावले. वफिका पळी हातात धरून उभी होती. मग तशीच, चपला न घालता, ती जिना चढायला लागली. मी मागे.

"आज कॉफी नाही," ती स्वतःशीच म्हणत होती. "आज बसायचंच नाही. उभ्या उभ्या सांगायचं."

दार उघडंच होतं. आतून उम्म रुश्दीचा आवाज आला, "कोण आहे? कुणी असेल तर या गं, लवकर या!"

अबू रुश्दी न्हाणीत खाली घसरला होता. लुंगी गुंडाळलेली, अंग अर्धवट ओलं, पाठ भिंतीला टेकलेली. त्याची बायको त्याच्या काखेत हात घालून ओढत होती आणि ओढता ओढता स्वतःच खाली बसत होती. आम्ही तिघींनी मिळून त्याला उचललं, पुसलं, खुर्चीत बसवलं. त्यानं आमच्याकडे बघितलं नाही. चेहरा खिडकीकडे वळवला आणि तसाच ठेवला.

वफिका पळी घ्यायला परत न्हाणीत गेली, तेव्हा तिनं जमिनीकडे नीट पाहिलं. जाळीभोवतीच्या फरशा फुटल्या होत्या. त्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबून वर मेणबत्तीचं मेण ओतलेलं होतं. बाजूला तसराळं, त्यात पिळलेलं फडकं.

उम्म रुश्दी दारात येऊन उभी राहिली. "मी पुसून घेते गं लगेच," ती हळू आवाजात म्हणाली. "पाणी ओततच नाही. फडकं भिजवून अंग पुसते त्याचं. आधी त्याला रोज आंघोळ लागायची, आता चार-चार दिवस नाही घालत. तरी तुझ्याकडे जातंच. कुठून जातं तेच कळत नाही."

"आणि सुबही?" वफिकानं विचारलं.

"सुबही म्हणतो दहा दिवस. दहा दिवस ह्याला कुठे नेऊ? ह्याच्या बहिणीकडे न्यायचं ठरवलं होतं. तो दाराची चौकट धरून बसला, सोडेचना. त्याला वाटतं, एकदा बाहेर काढलं की परत आणणार नाहीत." तिनं वफिकाच्या हातातल्या पळीकडे बघितलं, तिच्या चेहऱ्यावरच्या हिरव्या शिंतोड्यांकडे बघितलं. "तुझं काही काम होतं का?"

"नाही," वफिका म्हणाली. "जिरं संपलंय. चिमूटभर मिळतं का बघायला आले."

उम्म रुश्दीनं जिरं दिलं. वाटीभर.

नजाहनं त्या दिवशी भाजलेली कोंबडी आणि दही-भात खाल्ला. छताकडे बघून म्हणाली, "भावाच्या घरात जेवायचं म्हणजे आता छत्री आणायला हवी."

वफिकानं नवऱ्याला न्हाणीतलं सगळं सांगितलं. त्यानं कुठूनसा पत्रा आणून छताखाली तिरका टांगला, म्हणजे थेंब घरंगळून मोरीत जावेत. दोन-तीन आठवडे जमलं. वफिका पण शिकली. वर पावलांचा आवाज न्हाणीकडे गेला की ती गॅस बंद करायची आणि थांबायची. माझ्यासमोर एकदा तिनं कांदा परतायचा अर्ध्यावर सोडला आणि आम्ही दोघी छताकडे बघत उभ्या राहिलो, मशिदीत उभं राहावं तशा.

पण पाण्याला काय, त्यानं नवी वाट काढली. ते विजेच्या दिव्यात उतरलं. एका संध्याकाळी फट्‌कन आवाज झाला, दिवा फुटला आणि घरभर अंधार. सामना रंगात आलेला होता. इतके दिवस सगळं गिळून बसलेला अबू नाएल उठला, जिन्यात गेला आणि वर तोंड करून ओरडला, "वर माणसं राहतात की उंट धुताय? दुसऱ्याच्या घराची काही चाड आहे का नाही?"

सगळ्या इमारतीची दारं किलकिली झाली. वरचं दार काही उघडलं नाही.

"काय केलंत हे?" वफिका म्हणाली. तो आत येऊन अंधारात बसला. त्यालाही ते कळलं होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे फोन वाजला. अबू नाएलनं उचलला. मी तिथंच होते, दूध मागायला गेले होते. पलीकडून एक आवाज येत होता. शब्द नव्हते त्यात. लांब, ओढलेले, मध्येच अडकणारे स्वर. अबू रुश्दी बोलत होता. आवाज थांबायचा, पुन्हा सुरुवातीला जायचा, जणू चुकलेलं वाक्य दुरुस्त करून पहिल्यापासून म्हणत होता.

अबू नाएल उभाच होता. "हो सर," तो म्हणत होता. तो काही त्यांचा विद्यार्थी नव्हता. "नाही सर, तसं काही नाही... नाही नाही, माझंच चुकलं. हो... हो सर."

बऱ्याच वेळानं त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणाले?" वफिकानं विचारलं.

"काय माहीत. एक अक्षर कळलं नाही." त्यानं चष्मा काढून पुसला. "पण खूप काही म्हणाले."

त्याच दिवशी त्यानं बाजारातून एकाच बर्नरची छोटी शेगडी आणली आणि गॅलरीत मांडली. रुश्दीनं कुवेतहून फोनवर सांगितलंय, उन्हाळ्यात सुट्टीवर आलो की नवी न्हाणी बांधून देतो. गेल्या उन्हाळ्यातही त्यानं हेच सांगितलं होतं, हे वफिकाला उम्म रुश्दीनंच हसत हसत सांगितलं.

आता थंडी पडलीये. वफिका गॅलरीत नवऱ्याचा ओव्हरकोट चढवून स्वयंपाक करते. पश्चिमेकडून वारा आला की शेगडी विझते. ती काडी ओढते, काडी विझते, दुसरी ओढते, पाठ वाऱ्याकडे करून उभी राहते. परवा मी माझ्या गॅलरीतून हाक मारली, "अगं, माझ्याकडे येऊन कर ना! माझं स्वयंपाकघर मोकळंच असतं दुपारी."

"आज तुझ्याकडे करेन," ती म्हणाली, "उद्या काय करू?" आणि कोटाचे पदर दोन्ही हातांनी पसरून पातेल्याला आडोसा करून उभी राहिली. मसूर अजून शिजायचा होता.