सिग्नलचा हात

“अहो, श्वास रोखून धरा! तुमच्या फुंकरीनं हमाल पुन्हा आडवा झाला.”

कवळीवाल्यानं श्वास रोखला आणि गव्हाच्या दाण्याएवढा हमाल चिमट्यानं उचलून टेबलावरच्या इवल्या फलाटावर उभा केला. बायको टेबलाशी गुडघे टेकून बसली होती, कॅमेरा थेट रुळांच्या पातळीला. उमेदीची वर्षं फोटो स्टुडिओत काढलेली बाई. तिच्यापुढे तोंड उघडायची त्याची टाप नव्हती.

“वरून काढला की खेळणं दिसतं, रुळांवरून काढला की स्टेशन,” ती म्हणाली. “आणि तो दुसरा दिवा घालवा. एकेकाला दोन-दोन सावल्या पडतायत. सूर्य एकच असतो ना?”

त्यानं दिवा घालवला. उरलेल्या दिव्याची तिरीप कौलांवरून फलाटाला लागलेल्या गाडीवर उतरली आणि त्या टेबलावर संध्याकाळ झाली.

जन्मभर त्यानं लोकांच्या कवळ्या केल्या. दातांच्या साच्यांचं उरलेलं प्लास्टर डोंगर झालं, हिरड्यांचा गुलाबी माल विटकरी रंग लावून कौलं झाला. स्टेशन मात्र दादाचं होतं. थोरला भाऊ तिथे स्टेशनमास्तर होता. पुढे तिथली गाडी बंद झाली, इमारतही पाडली. कवळीवाल्यानं ती आठवून आठवून पुन्हा उभी केली, एवढ्याचसाठी की दादानं एकदा बघावं आणि ‘चांगलं झालंय’ म्हणावं.

पण शेजारीच राहणारा दादा रोज चहाला यायचा तो बाहेरच्या खोलीपुरता. “चाललीय का भातुकली?” म्हणायचा. “तुझ्या डोंगराची दाढबीढ दुखते का रे?” उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलणारा चहा पिऊन मोकळा व्हायचा, ऐकणाऱ्याचा घास घशात अडकायचा.

“हा सिग्नल पाडते हं,” बायको म्हणाली. “त्याचा आडवा हात फोटोत खुपतोय.” तिनं नखानं तो हात खाली केला. कवळीवाल्यानं मान डोलावली. दिसायला झकास दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दादा चहाला आला तेव्हा फोटो बशीशेजारीच पडला होता. त्यानं चष्मा लावला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्याचा पारा चढला.

“कधीचा हा फोटो? कुणाची ड्यूटी होती?”

बायकोनं चहा पुढे केला, त्यानं तिकडे पाहिलंही नाही.

“गाडी फलाटाला उभी आणि मागचा सिग्नल पडलेला? मागून दुसरी गाडी आत घुसली असती म्हणजे? गाडी आत घेतली की आधी सिग्नलचा हात आडवा! माझ्या वेळी असं एकदाही झालेलं नाही. कोण होता तो गाढव?”

कवळीवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शिवी खाऊन इतका आनंद झालेला माणूस त्याच्या बायकोनंही कधी पाहिला नव्हता.

“दादा, तो गाढव मीच,” तो म्हणाला. “आणि ते स्टेशन आतल्या खोलीत आहे.”

दादानं फोटो पुन्हा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग चहा तसाच टाकून उठला आणि पहिल्यांदाच त्या खोलीत शिरला.

टेबलाशी तो वाकून उभा राहिला. त्याच्या ऑफिसची खिडकी होती. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा होता. फलाटावरच्या बाकाची एक फळीसुद्धा मोडकीच होती.

“ती फळी बदला म्हणून साहेबांच्या किती विनवण्या केल्या,” तो म्हणाला. “शेवटी बाकच गेलं. पाडत होते तेव्हा मी फिरकलोसुद्धा नाही रे. बघवलं नसतं.”

कवळीवाला त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

दादानं करंगळी पुढे केली. सगळं अंग टाकून सिग्नलचे लोखंडी खटके ओढणारा तो हात. पण हमालाला धक्का न लावता त्यानं सिग्नलचा हात अलगद उचलला आणि आडवा केला.

‘चांगलं झालंय’ असं काही तो म्हणाला नाही. कवळीवाल्याला त्याची आठवणही झाली नाही.

दादानं सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलं आणि गाडी येताना फलाटावर उभा राहायचा तसा टेबलाशी ताठ उभा राहिला.

“हं,” तो भावजयीला म्हणाला, “आता काढ फोटो.”