पश्चात्तापाच्या बाकाची साक्ष

मी पश्चात्तापाचा बाक बोलतोय. अमेरिकेतल्या केंटकीच्या रानातला एक ओक उभा चिरला, फळीला चार पाय ठोकले आणि धर्ममेळाव्यात मला थेट पाद्र्यांच्या मंचासमोर मांडलं. ज्याला आपलं पाप डाचतं त्याने पुढे यायचं, माझ्यावर बसायचं आणि सगळ्यांदेखत रडायचं, अशी तिथली रीत.

आणि काय रडायची माणसं! दारुडे, बायकोला बडवणारे, जन्मात देवाचं नाव न घेतलेले. गोरे आणि काळे शेजारी बसून हुंदके द्यायचे. मी भाबडा, त्या रडण्यावर पार भाळलो होतो.

एका वर्षी अँब्रोज टली आले. तंबाखूची मोठी शेती त्यांची. धाडकन माझ्यावर कोसळले. शेजारी त्यांच्याच घरची गुलाम, केझाया, प्रार्थना करत होती. तिचा हात धरून ते ओरडले, "केझाया, तू माझी बहीण! बहिणीला कुणी गुलाम ठेवतं का? मका घरात आला की तू मोकळी. ऐका रे सगळे!"

"आमेन!" पाद्री प्रुइट सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. केझायाने माझी कड इतकी घट्ट धरली, की तिच्या नखांचे ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत.

मका घरात आला. पुढच्या वर्षीचाही आला. मेळाव्याच्या जागी चर्च उभं राहिलं, लाकूड टलींनीच दिलं; मलाही आत मंचासमोर मांडलं. सभासदांच्या तक्रारी तिथे सर्वांसमोर ऐकल्या जात, गुलामांच्याही. एका शनिवारी केझाया उभी राहिली.

"टलीभाऊंनी मला मोकळं करायचा शब्द दिला होता. हा बाक साक्षीला आहे."

टली हसले. "अगं, मी म्हणालो ते तुझ्या आत्म्याबद्दल!"

"आत्म्याला मका खुडावा लागत नाही, मालक. माझ्या हातांचं बोला."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पाद्री प्रुइट मात्र जमिनीकडे बघत राहिले. मग त्यांनी निकाल दिला: केझायाने धर्मबंधूची बदनामी केली, तेव्हा तिनेच बाकावर बसून पश्चात्ताप करावा.

मला बोलता आलं असतं तर! ती आली, बसली. सगळे वाट पाहत होते, पण तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. माझ्यावर बसून न रडलेली ती पहिलीच.

आता मी चर्चच्या माडीवर आहे, गुलामांच्या जागेत. केझाया दर रविवारी माझ्यावरच बसते, त्या ओरखड्यांवर बोटं ठेवून. खाली नव्या बाकावर टली अजूनही रडतात.

तुम्हाला कधी पश्चात्ताप झालाच, तर कृपा करून उभ्यानेच रडा. मला आता कुणाचे अश्रू नकोत.